लालबागची खानावळवाली आजी : तिला देवी करू नका

परळ_टीटी

आमची आजी गेल्या महिन्यात गेली. वय नव्वदीच्या घरात, हाल झाले नाहीत, त्यामुळे त्या बाजूबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हा धागा काढतोय तो आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरलेल्या मजकुरामुळे. 'साक्षात अन्नपूर्णा', 'त्यागमूर्ती', 'शेकडो लेकरांची माय', खाली समईचा फोटो आणि हात जोडलेले. आजीने वाचलं असतं तर विचारलं असतं, "ह्यां कोणाचां?"

आजी खानावळ चालवायची. लालबागला, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत. आजोबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, बदली. बदली म्हणजे रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी परत. महिन्यात किती दिवस भरतील याचा नेम नाही. कणकवलीकडून लग्न होऊन आलेल्या आजीने पहिल्याच पावसाळ्यात ओळखलं की ह्या पगारावर घर चालणार नाही. आजोबांच्या खात्यातले दोघे-तिघे गावकरी आधी जेवायला येऊ लागले. मग वाढत वाढत पंचवीसेक जण झाले.

पंचवीस माणसं एका खोलीत कशी जेवतात? पाळ्यांवर. सातच्या भोंग्याआधी पहिल्या पाळीवाल्यांचे डबे तयार हवेत. रातपाळीवाले त्याच सुमारास सुटून यायचे आणि त्यांना चहा-चपाती चालायची नाही, पूर्ण जेवण लागायचं, कारण त्यांची ती रात्र. दुसऱ्या पाळीवाले दुपारी जेवून जाणार आणि मध्यरात्रीनंतर परतणार. त्यांची ताटं झाकून ठेवलेली. बाबा सांगतात की लहानपणी त्यांना आई झोपलेली अशी दिसलीच नाही. ती कधी झोपायची हे त्यांना आजही ठाऊक नाही.

आता हे वाचून कोणीतरी 'त्याग' म्हणेल. थांबा. आजीकडे वही होती. लाल कापडी बांधणीची, वाण्याकडे असते तशी. तिला लिहायला जेमतेम यायचं, म्हणून नावापुढे खुणा. डबेवाल्याला टोपी, साचेवाल्याला आडव्या रेघा, फक्त रविवारी मटणाला येणाऱ्याला एक वाटोळा रस्सा. खाड्याचे, म्हणजे न जेवल्याचे पैसे वजा करायचे, नियम कडक. एक वेळ आला नाहीस तर खाडा नाही. गावी जाणार असशील तर आदल्या दिवशी सांगायचं, तरच खाडा लागणार. पाहुणा आणलास तर त्याचं जेवण वेगळं मांडलं जाणार, मग तो सख्खा भाऊ का असेना. पगाराच्या दिवशी ती दारात पाट टाकून बसायची. आत जाणाऱ्याने आधी पैसे ठेवायचे. "पॉट भरलां मां? मगे पैसे काढ" हे ती मागाहून म्हणायची, आणि ते फक्त नवीन माणसाला. जुन्यांना सांगावं लागत नसे.

मला वाटतं आजीची खरी आठवण ह्या वहीत आहे. ती धंदा करत होती आणि तिला तो येत होता. घरातल्या बायकांनी केलेल्या धंद्याला आपण मेल्यावर माया म्हणतो आणि हिशेब विसरतो.

सुकट

सुंदर लिहिलंय. आजींना आदरांजली. वाटोळा रस्सा! 😄

कृष्णाकाठ

आमचा आज्जा काळाचौकीला होता, गिरणीतच. साताऱ्याकडचे आम्ही. तो सांगायचा की कोकणी बाईच्या खानावळीत घाटावरचा माणूस टिकत नाही. भाताने ह्यांचं पोट भरतच नव्हतं. म्हणून खानावळीसुद्धा जिल्ह्याजिल्ह्याच्या. तो जेवायचा ती बाई कराडकडची, तिची भाकरी तळहाताएवढी जाड, आणि आमटी असली की डोळ्यातून पाणी.

आता खरं सांगतो, राग मानू नका. आज्जाची एक कायमची तक्रार होती. महिनाअखेर आली की आमटीत तळ दिसायचा. पंगतीत एकजण मुद्दाम वाकून वाटीत बघायचा आणि म्हणायचा, "मावशे, डाळ कुठं पोहायला गेली?" तिचं उत्तर ठरलेलं, "तुझा पगार आणायला."

राहायला गावाचा गाळा, म्हणजे गावकऱ्यांची सामायिक खोली. एका खोलीत तीस-चाळीस माणसं, पाळीप्रमाणे झोपायची. एक उठला की त्याच वळकटीवर दुसरा. प्रत्येकाची ट्रंक आणि भिंतीला एक खुंटी एवढंच आपलं.

परळ_टीटी

@कृष्णाकाठ, राग कसला! आमच्याकडेही महिनाअखेर पातळ असायची. आजी ते लपवत नव्हती. वाण्याची उधारी पगारावर फिटायची. वीस तारखेनंतर वाणी हात आखडता घेई, मग आजी डाळ आखडती घेई. साखळी होती ती. गिरणीने पगार केला की सगळ्यांच्या वाटीत डाळ.

मांडवी_काठ

गोव्याहून लिहितेय. आमच्याकडे ह्याचंच भावंड म्हणजे कूड, गावकऱ्यांची मुंबईतली सामायिक राहण्याची जागा. धोबीतलाव, माझगाव भागात गावागावाच्या कुडी होत्या. बोटीवर जाणारे खलाशी मुंबईत आले की गावच्या कुडीत उतरायचे, ट्रंका तिथेच, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायचं. माझ्या आजोबांचा पत्ता आयुष्यभर कुडीचाच राहिला, घर म्हापशाजवळ असूनही. पण कूड पुरुषांची होती. तुमच्या आजीसारखी बाई मध्यभागी बसलेली नव्हती, म्हणून वाचताना फरक जाणवला.

जुनी_डायरी

१९७२ च्या दुष्काळाचं आजी काही सांगायच्या का? माझी आजी गिरगावातली. रेशनवर मिलो यायचा, तो अमेरिकेचा लाल जोंधळा. तिच्या तोंडून त्या धान्याला एक शिवी होती, ती इथे देता येणार नाही. महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकरांनी काढलेल्या लाटणे मोर्चात ती गेली होती, घरी न सांगता. परत आली तेव्हा आजोबांनी विचारलं कुठे होतीस, तर म्हणाली, "लाटणं धारेला लावायला."

परळ_टीटी

@जुनी_डायरी, मिलोचं हो! आजी सांगायची, मिलोची भाकरी थापताना तडकते आणि खाणाऱ्याचं डोकंही तडकतं. तिने त्यात भाताची पेज घालून मळायची युक्ती काढली होती. मोर्चाला मात्र गेली नाही. "मोर्चाक गेलंय तर दुपारची पंगत कोण वाढतलो?" असं ती म्हणाल्याचं आत्या सांगते. शेजारणीला आपलं लाटणं मात्र दिलं, आणि ते संध्याकाळी परत मागून घेतलं.

हिशेबनीस

धागाकर्त्याचा मुद्दा पटला, थोडी भर घालतो. मी बँकेतून निवृत्त झालोय. खानावळ चालवणाऱ्या बाईला भांडवल कुठून मिळायचं हा प्रश्न विचारला की तिचा धंदा नीट दिसतो. महिनाभर आधी खायला घालायचं आणि पैसे महिनाअखेरीनंतर. मधला पैसा वाण्याच्या उधारीतून नाहीतर सावकाराकडून, दागिना ठेवून, जबर व्याजाने. पगार झाला की मोठा हिस्सा व्याजात जायचा. बँका १९६९ ला राष्ट्रीयीकृत झाल्या तरी तारण नसलेल्या बाईला दारात कोण उभं करणार?

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते ह्याच खानावळवाल्या बायकांसाठी. त्या मूळ गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातल्या, मग मुंबईत कामगार चळवळीत. बायकांनी गट करून एकमेकींना जामीन राहायचं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज घ्यायचं, अशी पद्धत. परतफेडीला ह्या बायका पक्क्या होत्या. म्हणजे त्यांना अन्नपूर्णा म्हणणाऱ्या बाईंनीच त्यांना आधी कर्जदार म्हणून उभं केलं. नावात देवी असली तरी कामात पासबुक होतं. तुमच्या आजी सभासद होत्या का?

परळ_टीटी

@हिशेबनीस, ही बाजू मांडलीत ते बरं झालं. हो, ती एका गटात होती, चाळीतल्या आणि समोरच्या चाळीतल्या मिळून. त्या पैशातून मोठी पातेली आणि दोन नवे स्टोव्ह आले. कर्जाच्या वेळचा एक किस्सा ती रंगवून सांगायची. साहेबाने विचारलं, "मिस्टर काय करतात?" ही म्हणाली, "ते बदली. कधी काम असता, कधी नसता. खानावळ मात्र रोज आसा." साहेब हसला आणि अर्ज पुढे सरकवला. आजीला त्याच्या हसण्याचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्या मते तिने फक्त माहिती दिली होती.

रातपाळी

१९८२ बद्दल लिहा ना. संपात तुमच्या आजीचं काय झालं?

परळ_टीटी

लिहिणारच होतो, जरा लांबेल.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा आजीला वाटलं, होईल महिन्या-दोन महिन्यांत. गिरणगावात तोवरचे संप तसेच झाले होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंतांवर सगळ्यांचा भरवसा, आजीचाही. पहिले दोन महिने तिने पूर्ण जेवण चालू ठेवलं आणि वहीत मांडत गेली. मग एक वेळचं केलं. मग मासळी बंद, फक्त भात आणि कुळथाची पिठी. माणसं हळूहळू गावी निघाली. जाताना ट्रंका तिच्याकडे ठेवून गेली, कोणी घड्याळ, एकाने बाजाची पेटी. माळा भरला. त्यातली पेटी आमच्याकडे अजून आहे, भाता फाटलेली.

संप कधी मागे घेतला गेलाच नाही. नुसता विरत गेला. भोंगे काही ठिकाणी पुन्हा वाजू लागले, पण जेवणारे परत आले नाहीत. आजीच्या वहीतली त्या वर्षाची पानं मी आता पाहिली. नाव, खूण, आकडा, आणि पुढचे रकाने कोरे.

पुढच्या मे महिन्यात तिने जे केलं ते आमच्या घरात कोणी मोठ्याने सांगत नाही. म्हणून मुद्दाम लिहितो. थोरल्या काकाला, तेव्हा तो दहावीतून सुटलेला, सोबत घेऊन ती लाल एसटीने कोकणात उतरली आणि गावोगाव उधारी वसूल करत फिरली. कणकवली, देवगड, मालवण, खाली सावंतवाडीपर्यंत. डोक्यावर ऊन, पिशवीत वही. रोख कोणाकडेच नव्हती. मग तिने कुळीथ घेतले, उकडे तांदूळ घेतले, काजू, सोलं (आमसुलं), एका ठिकाणी कोंबडा. प्रत्येक वस्तूचा त्या दिवसाचा बाजारभाव धरून वहीत वजा केला. काका सांगतो, "आई कोंबड्याचा भाव करत होती आणि मला जमीन फाटावी असं झालं होतं." त्या कुळथांवर आणि तांदळावर आमचं घर पावसाळाभर चाललं. उरलेलं तिने लालबागच्याच दुकानात विकलं.

एका घरी ती न मागता परतली. काका म्हणतो, आत गेली होती, पाणी प्याली, त्या बाईशी बोलली आणि बाहेर आली. आजी मात्र नेहमी म्हणायची की ते घर बंद होतं.

सुकट

कोंबड्याचा भाव 🙏

शेवगा

धागा आवडला, पण मी सहमत नाही. माझे वडील संपात मुंबईतच राहिले. त्यांना एका खानावळवाल्या बाईने वर्षभराहून जास्त जेवू घातलं आणि एक पैसा घेतला नाही. पुढे नोकरी लागल्यावर वडील पैसे घेऊन गेले तर तिने पायरीवरूनच परत पाठवलं. आमच्या देव्हाऱ्यात तिचा फोटो आहे. तुम्ही म्हणता देवी करू नका. आम्ही काय म्हणायचं तिला? व्यवहार, हिशेब, धंदा हे शब्द वापरून तुम्ही त्या बायकांचं मोठेपण कमी करताय असं वाटतं.

परळ_टीटी

@शेवगा, तुमच्या वडिलांच्या भावनेला मी कुठे हात लावणार! फोटो असू द्या. मला फक्त एक विचारायचंय. वर्षभर तुमच्या वडिलांच्या पोटात जे गेलं ते वाण्याकडून आलं होतं. त्या वाण्याचे पैसे कोणी दिले? तिने कुठून आणले?

शेवगा

वडिलांना आत्ता फोन करून विचारलं. पाटल्या मोडल्या होत्या तिने. आणि पुढे खोली गेली. ती विरारला भावाकडे राहायला गेली होती. वडील पैसे घेऊन गेले ती पायरी भावाच्या घरची. हे मला माहीत नव्हतं. वडिलांनीही आजवर सांगितलं नव्हतं.

परळ_टीटी

हेच लिहायला हवं ना हो. तिने दिलं, हे सगळे सांगतात. काय दिलं आणि त्यापायी तिचं काय गेलं, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. माझ्या आजीने वसुली केली म्हणून आमची खोली राहिली. दोघींचा स्वभाव निराळा असेल, पण खड्डा तोच होता.

तिसरी_पिढी

यात अजून एक गोष्ट आहे. गिरण्यांच्या जागांचं जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मॉल आणि टॉवर. जागेचा काही हिस्सा कामगारांच्या घरांसाठी आला आणि म्हाडाने २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. अर्ज करायला गिरणीत काम केल्याचा पुरावा हवा, तिकीट नंबर, पगारपत्रक, फंडाचा कागद. माझ्या आजीकडे होतं, ती वाइंडिंग (सूत गुंडाळायच्या) खात्यात होती. तिच्या वारसांचा अर्ज झाला, अजून वाट बघतोय. पण ज्या बायकांनी ह्या कामगारांना उभं ठेवलं त्यांच्याकडे कुठला कागद असणार? त्यांची गिरणी त्यांच्या घरातच होती. त्या यादीत कुठेच बसत नाहीत.

परळ_टीटी

@तिसरी_पिढी, आजोबा सोडत निघायच्या कितीतरी आधी गेले आणि बदली असल्याने त्यांचे कागदही अर्धवट. आम्ही नाद सोडला. आजीचं म्हणणं वेगळंच होतं. ती म्हणायची, फुकटच्या घराची वाट बघत बसण्यापेक्षा घेऊन मोकळं व्हावं. संपानंतर तिने मसाले कुटून दिले, लालबागच्या मसाल्याच्या दुकानांना मिरच्या निवडून दिल्या, मग ऑफिसवाल्यांचे डबे. नव्वदच्या दशकात डोंबिवलीला खोली घेतली. स्वतःच्या नावावर. बाबा आणि काका दोघेही कमावते होते, दोघांनी सुचवलं की आमच्या नावावर घे, पुढे सोपं पडेल. ती म्हणाली, "पुढचां पुढे." मृत्युपत्रही करून ठेवलं होतं, नोंदणीसकट, हे आम्हाला आत्ता कळलं. आत्यालाही वाटा आहे. त्यावरून घरात थोडी धुसफूस चालू आहे आणि मला वाटतं त्यागमूर्तीवाला मजकूर त्याच्या दुसऱ्याच दिवशी आला, हा योगायोग नसावा. असो.

कृष्णाकाठ

असो म्हणालात पण धाग्यातलं सगळ्यात खमंग वाक्य ते आहे 😄 आजी पक्क्या होत्या.

मांडवी_काठ

आत्याला वाटा, हे वाचून आजी अजूनच आवडल्या.

रातपाळी

दहाव्याला कावळा शिवला का लगेच? (सहज विचारतोय.)

परळ_टीटी

@रातपाळी, नाही ना! बराच वेळ झाडावर बसून राहिला. भटजींनी सांगितलं काही इच्छा राहिली असेल तर बोला. काका म्हणाला सगळ्यांची काळजी घेऊ, नाही आला. बाबा म्हणाले भांडणार नाही, तरी नाही. शेवटी आत्या पुढे झाली आणि म्हणाली, "आये, वही माझ्याकडे आसा, कोणाक देवचंय नाय." आला. आता ह्यातून ज्याने त्याने हवं ते समजावं, मी फक्त क्रम सांगितला.

हिशेबनीस

वही जपा. कागद जुना असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, दमट धरतो. सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा आणि आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून घ्या. फक्त एक विनंती, फोटो कुठे टाकलेत तर उधारीवाल्यांची नावं झाका. त्यांची नातवंडंही इथे असू शकतात.

परळ_टीटी

नक्की. आत्याला हे वाचून दाखवतो. वही ती देणार नाही, पण फोटो काढू देईल. बहुतेक.

जुनी_डायरी

संपातली ती पिठी कशी करायच्या सांगा ना. आमच्याकडे कुळीथ म्हणजे उसळ एवढंच.

परळ_टीटी

सोपी आहे. कुळथाचं पीठ गार पाण्यात कालवून घ्यायचं, गरम पाण्यात टाकलंत तर गुठळ्या. तेलात भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कांदा. त्यात पाणी घालून उकळी आली की कालवलेलं पीठ सोडायचं आणि ढवळत राहायचं. मीठ, दोन-तीन सोलं, वर ओलं खोबरं असलं तर. माणसं वाढली की पाणी वाढवायचं, पण मग लसूणही वाढवायचा. आजीच्या मते लोक पाणी माफ करतात, लसूण कमी पडलेला माफ करत नाहीत.

जुनी_डायरी

पीठ कच्च्या कुळथाचं की भाजलेल्या?

परळ_टीटी

भाजून दळलेल्या. दादरला कोकणी मालाच्या दुकानांत मिळतं. रंगाने फिकट असेल तर घेऊ नका, नीट भाजलेलं नसतं.